गळ्यातल्या गाठी आणि पेशीच्या पोटातल्या पेशी

"गाठीला सुई लावू नका, भडकते." हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते आणि दर वेळी जीव तुटतो, कारण ह्या एका भीतीपायी माणसं चार-चार महिने गाठ घेऊन फिरतात.

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशी तपासून आजार ओळखणारी डॉक्टर, रोज एफएनएसी (फाइन नीडल अ‍ॅस्पिरेशन सायटॉलॉजी) करते. म्हणजे काय, तर २२ ते २५ गेजची बारीक सुई, रक्त काढतात तेवढीच किंवा त्याहून बारीक, गाठीत घालून चारदा मागेपुढे करायची आणि टोकाला जे थेंबभर येतं ते काचेवर पसरायचं, झालं. टाका नाही, भरती होणं नाही. एवढ्या बारीक सुईनं कॅन्सर पसरल्याची उदाहरणं अगदी क्वचित आहेत, त्या धास्तीनं तपासणीच टाळणं जास्त महागात पडतं.

मागे १४ वर्षांचा एक मुलगा आला होता. मानेच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या गाठी, दुखत काहीच नव्हतं, पण शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. एका ठिकाणी नुसतं हात लावून टीबीची औषधं सुरू केलेली, तीन महिने झाले तरी गाठी तशाच. आता टीबीची शंका येणं चूक नाही हं, आपल्याकडे मानेतली गाठ पुष्कळदा टीबीचीच निघते, पण मग सुई लावून बघा ना! टीबी असला तर स्लाइडवर एपिथेलिऑइड पेशी (लांबट झालेल्या संरक्षक पेशी), जायंट सेल (अशा अनेक पेशी मिळून झालेली राक्षसी पेशी), दह्यासारखा मेलेला भाग असं काहीतरी दिसतं, कधी झेडएन स्टेनमध्ये, म्हणजे टीबीचे जंतू रंगवणाऱ्या खास रंगात, लालभडक जंतूही सापडतात. ह्याच्या स्लाइडवर त्यातलं काहीच नव्हतं.

होत्या त्या भल्यामोठ्या हिस्टिओसाइट, म्हणजे जंतू-कचरा गिळणाऱ्या पेशी, आणि त्यांच्या पोटात अख्ख्या लिम्फोसाइट, म्हणजे छोट्या पांढऱ्या रक्तपेशी, एकेकीत पाच-सहा, भोवती पांढरं कडं. पेशीनं दुसरी पेशी खाल्ली की तिचा चुरा होतो, ह्या मात्र आत जशाच्या तशा, मुक्कामाला आल्यासारख्या. ह्याला एम्पेरिपोलेसिस म्हणतात, आणि असं चित्र दिसलं की रोझाई-डॉर्फमन डिसीज डोक्यात येतो, रोझाई आणि डॉर्फमन ह्यांनी १९६९ साली वर्णन केलेला दुर्मीळ आजार. मी खुर्चीतून उठून परत बसले, स्लाइड सीनियर सरांना दाखवली, ते पण बराच वेळ बघत राहिले. नंतर बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला, त्या मोठ्या पेशींत एस-१०० हे ओळख पटवणारं प्रथिन पॉझिटिव्ह आलं, निदान पक्कं झालं.

सुईनं सगळं कळतं असं मात्र मी कुणाला सांगत नाही. थायरॉइडची फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सरची हे नुसत्या पेशींवरून ठरत नाही, कारण ती स्वतःचं आवरण फोडून बाहेर आलीय का किंवा रक्तवाहिनीत शिरलीय का हे बघावं लागतं आणि त्यासाठी गाठ काढावीच लागते. लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइटच्या कॅन्सरचा, नेमका प्रकार ठरवायलाही बहुतेक वेळा बायोप्सीच लागते. पण पुढे कुठल्या वाटेनं जायचं ते त्या थेंबावरून कळतं.

मुलाची आई "म्हणजे कॅन्सर नाही ना मॅडम?" असं तीनदा विचारत होती, मी तीनदा "नाही" म्हटलं. हा आजार पुष्कळांत आपोआप ओसरतो, म्हणून डॉक्टरांनी टीबीची औषधं बंद करून नुसतं लक्ष ठेवायचं ठरवलं. आठ महिन्यांनी ती दोघं परत आली तेव्हा मी आधी त्याच्या कॉलरकडे बघितलं. वरचं बटण लावलेलं होतं.