जे जाळायचंच आहे, ते राखायचं कशाला?

जपानमधल्या नोझावा ओन्सेनच्या अग्निउत्सवाचा व्हिडिओ ज्याला दाखवते, तो पहिला प्रश्न हाच विचारतो. लाकडी मनोऱ्याच्या पायाशी पंचविशीतली मुलं उभी आहेत. गाववाले पेटत्या मशाली घेऊन त्यांच्यावर धावून जातात, मुलं पाइनच्या फांद्यांनी आग झोडपून विझवतात, मशालींचे फटके अंगावर घेतात. हे दीड तास चालतं, आणि मग तोच मनोरा सगळ्यांच्या संमतीने पेटवून देतात. मग पोरांनी एवढा मार खाल्ला कशासाठी? मावशीने विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, तुम्हीही विचारलंत. म्हणून सविस्तर लिहिते.

नोझावा ओन्सेन हे नागानो प्रांतातलं डोंगरउतारावरचं गाव. साडेतीन हजारांच्या आसपास वस्ती. तोक्योहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, इइयामाला उतरायचं आणि पुढे बसने वर जायचं. गावात गरम पाण्याची तेरा सार्वजनिक न्हाणीघरं आहेत, ती गावकरीच सांभाळतात. हिवाळ्यात माणसं इथे स्कीइंगला येतात. 1998 च्या हिवाळी ऑलिंपिकमधली बायथलॉन, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजीची एकत्र शर्यत, इथेच झाली होती. पण दरवर्षी 15 जानेवारीच्या रात्री गाव दोसोजिनचं असतं. दोसोजिन म्हणजे वाटेवरचे, वेशीवरचे देव. बाहेरून येणारी इडापिडा अडवणारे.

जपानमध्ये काही वयं घाताची मानतात. त्यांना याकुदोशी म्हणतात. पुरुषांसाठी पंचवीस आणि बेचाळीस ही त्यातली दोन. वय मोजायचं जुन्या पद्धतीने, म्हणजे जन्मलं की एक आणि दर नवीन वर्षाला एक जास्त. सगळा उत्सव या दोन वयांच्या पुरुषांच्या खांद्यावर असतो. त्यातही कारभार सान्या-को नावाच्या मंडळाकडे: चाळीस, एकेचाळीस आणि बेचाळीस अशा लागोपाठच्या तीन वयांचे पुरुष एकत्र येतात, तीन वर्षं उत्सव चालवतात आणि पुढच्या तुकडीच्या हाती देतात. आपल्याकडे कोकणात शिमग्याला मानकरी ठरलेले असतात, पण तिथे मान घराण्याकडून येतो. इथे तो वयाबरोबर आपोआप येतो आणि तसाच जातो. मला हे फार आवडलं.

मनोऱ्यासाठी बीच नावाच्या वृक्षाची झाडं शरद ऋतूत तोडून ठेवतात. 13 जानेवारीला मुख्य ओंडके दोरांनी ओढत गावात आणतात, वाटेत भेटेल त्याला साके, म्हणजे तांदळाची दारू, पाजत. मग दोन दिवस राबून शादेन उभं करतात, म्हणजेच तो मनोरा. दहा मीटरहून उंच, वर फांद्यांचा भारा रचलेला. ते दिवसाउजेडी जाऊन बघाच. ओंडक्याला ओंडका दोरांनी कसा आवळलाय हे बघितलं, की रात्री वर चढलेल्या माणसांची काळजी थोडी कमी होते.

रात्री गावातल्या एका ठरलेल्या घरी चकमकीने अग्नी पाडतात आणि मोठ्या मशालीवरून मैदानात आणतात. साडेआठच्या सुमारास मैदानातली शेकोटी पेटते. तोवर बेचाळिशीचे शादेनवर चढून बसलेले असतात, गात आणि खालच्यांना चेव आणत. पंचविशीचे खाली दोर धरून कडं करतात. पहिला हल्ला लहान मुलांचा. इवल्या मशाली घेऊन वडिलांचा हात धरून येतात, आणि ते दांडगे पोरगे त्यांच्या मशाली हलक्या हाताने विझवतात. मग मोठ्यांची पाळी येते, आणि तिथे हलका हात संपतो. ठिणग्या आमच्या डोक्यावरून बर्फात पडत होत्या. माझा मुलगा मला घट्ट चिकटला होता आणि तरी नजर हटवत नव्हता. लुटुपुटूची लढाई असेल असं समजून गेलेल्या माणसाचा समज पाच मिनिटांत गळून पडतो.

शेवटी दोन्ही बाजू एका तालात टाळ्या वाजवून लढाई संपल्याचं मान्य करतात. वरचे खाली उतरतात आणि शादेनला आग लावतात. ज्यांच्या घरी गेल्या वर्षात पहिला मुलगा जन्मला, ते कागदांनी सजवलेला उंच कंदील देवाला वाहतात. तोही याच आगीत जातो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मला ते आमच्या मिन्शुकुच्या, म्हणजे घरगुती खानावळ-मुक्कामाच्या, मालकांकडून मिळालं. साठीचे गृहस्थ. ते म्हणाले, पंचविशीत मी खाली उभा होतो, तेव्हा मला सगळ्यात जोरात मारणारा माझा थोरला भाऊ होता. हे सांगताना त्यांचा चेहरा अभिमानाने भरून आला होता. भाऊ स्वतः आधी तिथे उभा राहिलेला. त्याला माहीत होतं की हात आखडता घेतला तर धाकट्याचं घाताचं वर्ष अंगावरच राहील.

त्या रात्री मैदानात जो मशाल घेऊन धावतो, तो लहानपणी वडिलांचा हात धरून आलेला असतो, पंचविशीत मार खाल्लेला असतो, आणि बेचाळिशीत वर बसायचा असतो किंवा बसून झालेला असतो. शादेन कोणालाच वाचवायचं नसतं. अख्ख्या गावासमोर ठाम उभं राहून ते वर्ष पार करायचं असतं, आणि एकट्याने नाही, बरोबरीच्यांच्या खांद्याला खांदा लावून. मनोरा सहज पेटू दिला तर देवाला काय वाहिलं? घाम आणि जिद्द ओतलेली वस्तूच वाहायची असते. म्हणून मला तो मार क्रूर वाटत नाही. आपल्याकडे पंचवीस वर्षांच्या मुलाला नोकरीचं, लग्नाचं विचारतात. त्याच्या भीतीची जबाबदारी सबंध गाव घेतंय असं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

हा उत्सव आमच्यासारख्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. 1863 सालीही तो इथे होत होता, अशी नोंद गावात आहे. 1993 मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या लोकपरंपरेचा दर्जा दिला. उद्या एकही पर्यटक आला नाही तरी शादेन उभं राहील आणि जळेल. परक्याच्या हाती मशाल देत नाहीत, आणि देऊही नये. त्यामुळे मला तिथे उपरं वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. कुणी माझ्यासाठी काही सादर करत नव्हतं.

जाणार असाल तर मुक्काम फार आधी ठरवा, जानेवारीत गाव भरलेलं असतं. वरचा कोट जुना आणि सुती किंवा लोकरी असू द्या, नायलॉनच्या जॅकेटला ठिणगीने लगेच भोकं पडतात. लहान मूल बरोबर असेल तर शेकोटीवरून वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला उभे राहू नका. सेल्फीसाठी दोर ओलांडून पुढे घुसू नका, तिथले लोक मशाली घेऊन धावत असतात. आणि कुणी साके पुढे केली तर घोटभर घ्या. घेत नसाल तर मान झुकवून नको म्हणा, कुणी रागावत नाही.