तो ठिपका ग्रह नव्हता

"सापडला!" आज स्क्रीनवर तो ठिपका दिसला आणि मी खुर्चीतून उठलोच.

मग सिम्युलेशनमधली, म्हणजे संगणकावर रचलेली, दुर्बीण ताऱ्यावरच रोखून स्वतःच्या अक्षाभोवती थोडी फिरवली. ठिपका जागचा हलला नाही. ग्रह असता तर चित्रात ताऱ्याभोवती सरकला असता. हा दुर्बिणीलाच चिकटून होता: आरशाच्या पृष्ठभागातल्या, नॅनोमीटरच्याही अंशाइतक्या उंचसखलपणामुळे विखुरलेला ताऱ्याचाच उजेड.

सूर्यासारख्या ताऱ्यापुढे पृथ्वीसारखा ग्रह साधारण १००० कोटी पट मंद असतो. कोरोनाग्राफने ताऱ्याचा उजेड अडवला, तरी असे ठिपके मागे राहतात. आणि ते हुबेहूब ग्रहासारखे दिसतात, हेच मला छळतंय.

ग्रह कुठे ठेवायचा हे मी प्रोग्रॅमवर सोडलं होतं. शेवटी दोन्ही कोनांतली चित्रं एकमेकांतून वजा केली. डावीकडे, खालच्या बाजूला, जेमतेम दोन पिक्सेलांचा फिका डाग उरला. तोच ग्रह. सकाळपासून माझी नजर त्याच्यावरून कितीदा गेली असेल!

इथे निदान पडताळायला उत्तर होतं. नासाच्या रोमन अवकाश दुर्बिणीच्या कोरोनाग्राफमधून खऱ्या ताऱ्याचं चित्र येईल, त्यासोबत उत्तर नसेल. तेव्हा पहिल्या ठिपक्यावर विश्वास न ठेवण्याइतका धीर आपल्यात असेल ना?