अठरा वर्षांनी आलेली चार नावं

स्वीडनला आल्यावर स्वीडिशच्या वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी एकेकाला विचारलं, भाषा कशासाठी शिकायची आहे? कुणी नोकरीसाठी, कुणी नवऱ्यासाठी, कुणी डॉक्टरांशी धड बोलता यावं म्हणून. मी म्हटलं, एका बँडची गाणी कळावीत म्हणून. नाव सांगितलं, एंग्लागोर्ड. बाई एकदम खूश. "अगं, तो सिनेमा माझा फार आवडता!"

झालं असं, की १९९२ साली याच नावाचा एक स्वीडिश सिनेमा आला आणि तो तुफान चालला. त्याच वर्षी या बँडची पहिली रेकॉर्ड आली, 'हीब्रिस'. तिची जास्त चर्चा झाली ती परदेशातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकवेड्यांत (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, थोडक्यात 'प्रॉग'). मी ती पुण्यात हॉस्टेलवर असताना ऐकली होती, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून. एंग्लागोर्ड म्हणजे देवदूतांची वाडी, असं आईला सांगितलं होतं. आम्ही सांगलीचे. वाडी म्हटल्यावर तिला नरसोबाची वाडी आठवली आणि पोरगी काहीतरी बरं ऐकतेय म्हणून ती निर्धास्त झाली.

बँडची गोष्ट तशी छोटी आहे. १९९१ साली स्टॉकहोमच्या आसपासची काही पोरं जमली. दोन गिटार, बास, ड्रम, जुने कीबोर्ड आणि बासरी. ही बासरी म्हणजे आपली बांबूची नव्हे, धातूची आडवी. ती वाजवायची अ‍ॅना होल्मग्रेन. जगभर त्या वेळी ग्रंज, म्हणजे साधं-खरबरीत रॉक, चाललं होतं आणि ही मंडळी दहा-दहा मिनिटांच्या रचना बांधत बसली होती. एका रचनेत ताल चार-पाच वेळा बदलणार, मध्येच सगळं थांबून जंगलातल्यासारखी शांतता, मग पुन्हा गडगडाट. १९९४ मध्ये दुसरा अल्बम आला, त्याचं नावच 'एपिलोग', म्हणजे उपसंहार. त्याच नोव्हेंबरात लॉस एंजेलिसला एक मैफल केली आणि दुकान बंद! त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण १९९६ मध्ये आलं, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'जिवंत पुरलेले'. नावं ठेवण्यात या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

२००३ मध्ये ते एकदा अमेरिकेत एकत्र वाजवून गेले. पुन्हा सामसूम. मग २०१२ मध्ये तिसरा अल्बम आला, 'विल्यान्स ओगा', म्हणजे इच्छाशक्तीचा डोळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बममध्ये अठरा वर्षांचं अंतर. तेवढ्यात मी चौथीतून थेट नोकरीला लागले होते.

इथे एक घोळ सांगायलाच हवा. तुम्ही कुठल्या स्वीडिश माणसाला 'प्रॉग आवडतं' म्हणालात, तर तो तुम्हाला कम्युनिस्ट समजेल. इथे 'प्रॉग' लिहिताना शेवटी दोन 'ग' लागले की अर्थ बदलतो. तो दोन 'ग'वाला प्रकार म्हणजे सत्तरच्या दशकातली डावी संगीत-चळवळ. आबा (ABBA) हा स्वीडिश बँड आधीच्या वेळी जिंकल्यामुळे १९७५ ची युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा, स्टॉकहोमला झाली, तेव्हा 'संगीताची स्पर्धा कसली भरवता' म्हणून या लोकांनी समांतर महोत्सव भरवला होता. माझे एक सहकारी साठीचे आहेत. त्यांना मी एंग्लागोर्डबद्दल सांगायला गेले, तर त्यांनी मला तासभर त्यांचं मोर्च्यातलं तारुण्य ऐकवलं.

तर मी भाषा शिकले. आणि मग लक्षात आलं, की गाण्याचे शब्द फक्त 'हीब्रिस'मध्ये आहेत, तेही चारपैकी तीनच रचनांत. 'एपिलोग' बिनशब्दांचा. आणि मी इथे येऊन ज्याची रेकॉर्ड घ्यायला स्टॉकहोममधल्या स्यॉदरमाल्म भागातल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात धडकले, त्या 'विल्यान्स ओगा'मध्येही गाणारं कुणी नाही. मूळ गायक टूर्ड लिंडमन या अल्बममध्ये नव्हताच. म्हणजे व्याकरणाशी दोन वर्षं मारामारी करून मला कळणार काय, तर चार रचनांची चार नावं!

पण ती चार नावं काय आहेत बघा. 'ऊर विलांदे', म्हणजे विसाव्यातून बाहेर. 'स्नोरदुम', यातला 'स्नोर' म्हणजे काट्याकुट्यांची झुडपं. 'लेंगतान्स क्लोका', ओढीचं घड्याळ किंवा ओढीची घंटा, कारण स्वीडिशमध्ये दोन्हीला एकच शब्द. आणि 'सोर्यमांतेल', शब्दशः दुःखाची शाल. आधीच्या अल्बममध्येही 'साकनादेन्स फुलहेत' आहे, कुणीतरी जवळ नसण्याची पूर्णता. 'साकना' हे इथलं रोजचं क्रियापद आहे, मी अमुक माणसाला 'साकनते'. मराठीत आपण असं करतच नाही. आपल्याला आठवण येते. ती येते, आपण फक्त दार उघडायचं. इथे ते काम माणसाला स्वतः करावं लागतं. वर्गात हे बोलून दाखवलं तर बाईंनी फळ्यावर 'आठवण' लिहायला लावलं.

संगीताचं म्हणाल, तर मला 'विल्यान्स ओगा' तिन्हींत सर्वांत परिपक्व वाटतो. एकही रचना बारा मिनिटांपेक्षा लहान नाही. चेलो, क्लॅरिनेट, चक्क ट्यूबा. सगळ्यावर मेलोट्रॉनचा धुरकट पडदा. मेलोट्रॉन हे अजब वाद्य आहे. प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रित टेपचा तुकडा असतो आणि तो जेमतेम आठ सेकंद पुरतो. आठ सेकंदांनी सूर संपतो, बोट उचलावंच लागतं. हार्मोनियमवर भाता चालवत सूर कितीही ताणणाऱ्या आपल्या लोकांना हे क्रूर वाटेल. आता खरं सांगते, 'स्नोरदुम' मला पाच मिनिटं तरी जास्त वाटते. शेवटी कुठे पोचायचं हे त्यांनाच ठरवता आलेलं नाही.

घर ते ऑफिस तासाभराची गाडी आहे आणि अल्बम सत्तावन्न मिनिटांचा. डिसेंबरात जातानाही अंधार, येतानाही अंधार. एकदा गाडीत असताना आईचा फोन आला. मी इअरफोनऐवजी चुकून फोनवरच बासरी चालू केली. "शांत आहे गं," आई म्हणाली. तेवढ्यात ड्रम सुरू झाले. "ही कुठली वाडी?"

मार्चच्या शेवटी एका रविवारी आमच्या इमारतीच्या सामायिक धुण्याच्या खोलीतून कपडे घेऊन बाहेर आले. बर्चच्या खोडावर ऊन पडलं होतं आणि एक मोठं फुलपाखरू पंख पसरून बसलं होतं. पंख गडद तपकिरी, कडेला फिकट पिवळी किनार. शेजारच्या आजी (पंच्याऐंशीच्या आहेत, तरी त्यांनाही एकेरीच हाक मारायची हा इथला नियम, माझी जीभ अजून अडखळते) थांबून म्हणाल्या, हे अख्खा हिवाळा कुठेतरी फटीत झोपून काढतं, आणि पहिल्या उन्हाला बाहेर येतं. याला काय म्हणतात माहितेय?

"सोर्यमांतेल," मी म्हटलं.

त्यांनी कपड्यांची बादली खाली ठेवली. "हा शब्द तुला कुणी शिकवला?"

कुणी कसं सांगू? मी त्यांना एक इअरफोन दिला. त्यांनी मिनिटभर ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, "गाणं कधी सुरू होतं?"