बोटं तीच, पट्टी निराळी

संगीताच्या बाई रेकॉर्डरच्या, म्हणजे तोंडासमोर उभी धरून फुंकायच्या बासरीच्या, पहिल्या तासाला सूर काढूच देत नसत. आधी हात. डावा वर, उजवा खाली. उजव्या हाताने काम करणाऱ्या मुलांचा उजवा हात आपोआप वर जातो, आणि ती सवय पडली की पुढे तळाच्या भोकावर करंगळी नीट बसत नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा काहींना आज स्वतः मुलांना शिकवताना त्या एकेका गोष्टीचं मोल कळतं, म्हणून ती पद्धत इथे लिहून ठेवतो.

मागचं भोक डाव्या अंगठ्याने बंद, पुढचं पहिलं तर्जनीने. मग मधलं बोट, मग अनामिका. पांढरी पाचचा (पेटीची पाचवी पांढरी पट्टी, पाश्चात्त्य G) सा धरला तर हे झालं ग, रे, सा. आवाज चिरकला की मुलाला ‘हळू फुंक’ सांगण्याआधी त्याचं बोट उलटं करून बघावं. बोटाच्या गादीवर भोकाचा पूर्ण गोल वळ उमटला असेल तर ठीक. अर्धचंद्र दिसला तर तिथून हवा निसटते आहे, आणि ते बोट बहुधा अनामिकाच असतं. फुंक आरशावर वाफ धरण्याइतकी, आणि प्रत्येक स्वर जिभेने ‘तू’ म्हणून सुरू करायचा.

बाईंचं खरं कसब पुढे होतं. तीन स्वर बसले की चौथा न शिकवता त्या पेटीवर पट्टी बदलत, म्हणजे सा दुसऱ्या सुरावर नेत. पांढरी दोनला तीच बोटं ध, प, म होतात. पांढरी एकला नी, ध, प. ‘तीन बोटं म्हणजे सा’ हे मुलाच्या डोक्यात एकदा घट्ट बसलं की पुढे प्रत्येक पट्टीत ते अडखळतं. म्हणून बोटाला स्वराचं नाव चिकटण्याआधीच पट्टी हलवायची.

पांढरी पाचला मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नीसाठी सा ची बोटं तशीच ठेवून उजवी तर्जनी उघडी, मधलं आणि अनामिका बंद. हाच स्वर पांढरी दोनला ग होतो. तिथे नवा फक्त नी: अंगठा उघडा, डावी तर्जनी आणि मधलं बंद. पांढरी पाचचा तार (वरच्या सप्तकातला) सा तर मुलांना जादूच वाटते. बोटं सा चीच, अंगठ्याचं भोक नखाएवढं उघडायचं.

पांढरी एकचा म मात्र वाद्य बघून शिकवावा, कारण भोकांच्या मापानुसार रेकॉर्डरचे जर्मन आणि बरोक असे दोन प्रकार असतात. जर्मन बोटांच्या रेकॉर्डरवर तो उजवी तर्जनी टाकली की येतो. बरोकवर तर्जनीसोबत अनामिका आणि करंगळीही लागते, मधलं उघडं. सोपं म्हणून पालक जर्मन घेतात, पण त्यावर वर सांगितलेल्या बोटांनी मंद्र नी सुरात लागत नाही. एका वर्गात दोन्ही प्रकार आले की सूर भांडतात. दुकानात पुढची भोकं वरून मोजावीत: चौथं मोठं आणि पाचवं लहान, तर जर्मन. मुलांना बरोकच घेऊन द्यावा.

मोठ्या मुलांच्या हाती आल्टो, म्हणजे मोठा, खालच्या सुराचा रेकॉर्डर, आला की ही सगळी मेहनत फळते. सगळी भोकं बंद केली तर सोप्रानोवर, म्हणजे आतापर्यंतच्या लहान रेकॉर्डरवर, पांढरी एक वाजते, आल्टोवर त्याखालची पांढरी चार. म्हणून सोप्रानोवाले पांढरी पाचला वाजवत असतील तर आल्टोवाल्यांनी पांढरी दोनची बोटं धरायची. दोघांचा सा जुळतो, आल्टोचा एक सप्तक खाली.