तांबडी माय, काळी पिल्लं
आज आर्णीकडे मावसभावाच्या शेतावर गेलो होतो. त्यानं कडकनाथ जातीच्या कोंबड्या पाळल्यात. पिसं, चोच, तुरा काळा. मांससुद्धा हाडापर्यंत काळपट. सगळी मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याची करामत. अंडं मात्र फिकट बदामी! काळं अंडं म्हणून कोणी विकत असेल तर तो फसवतोय, एवढं नक्की.

मूळचा हा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, तिकडच्या भिल्ल-भिलालांनी जपलेला. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण खरी मजा पुढं आहे. कडकनाथ कोंबडी अंड्यांवर नीट बसतच नाही. म्हणून भावानं तिची अंडी गावरान खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली ठेवली. आता तांबडी माय पुढं अन् काळी पिल्लं मागं! जवळ गेलं की अंगावरच येते. मावशी म्हणे, "काहून रे बाप्पा, इले समजत नसन का, थे आपली नाहीत म्हून?"

वाढ हळू, अंडी वर्षाला शंभराच्या आतबाहेर. झटपट पैशाचा हा धंदा नव्हे, उगाच व्हिडिओ पाहून उडी मारू नका.

जेवणात कडकनाथ मिळेल वाटलं होतं. भाव ऐकल्यापासून मावशी त्याला हात लावू देत नाही म्हणे. रस्सा गावरान कोंबड्याचाच झाला, अन् झणझणीत झाला!