तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिटॅमिन डी सुरू करू का?

रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं, की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हा प्रश्न येतोच. बहुतेकदा पेशंट नाही, सोबत आलेलं माणूस विचारतं: "डॉक्टर, डी फार कमी आलंय. गोळ्या सुरू करू का?" आपल्या माणसासाठी आपणही काही करावं, ही तगमग त्यामागे असते. म्हणून मी घाईत उत्तर देत नाही.

कमी असेल तर भरून काढायचंच. मायलोमात, म्हणजे हाडांतल्या मज्जेच्या कर्करोगात, तर नक्कीच. हा आजार हाडंच पोखरतो, त्यात उपचारातलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ती आणखी ठिसूळ करतं. हाडं वाचवायला आम्ही झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतो. अंगात डी कमी असताना ते दिलं, तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. ओठांना मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात. त्यामुळे आधी डी, मग इंजेक्शन.

"आणि त्यानं कॅन्सरही आटोक्यात येईल ना?" इथे मला नाही म्हणावं लागतं. 1981 साली जपानी संशोधकांनी उंदराच्या ल्युकेमियाच्या (पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या) पेशींना डीचं सक्रिय रूप दिलं, तेव्हा त्या अर्धवट वाढलेल्या पेशी चक्क प्रौढ होऊ लागल्या. केवढी आशा होती ती! पण तेवढा डोस माणसाला दिला, तर आधी कॅल्शियमच धोक्याच्या पातळीवर जातं. निदानाच्या वेळी डी कमी असलेल्या लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) पेशंटची पुढची वाट जास्त अवघड असते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण आजारानं खचलेला माणूस उन्हात जात नाही, धड जेवत नाही, त्यानंही डी उतरतं. गोळीनं ती वाट सोपी होते, हे त्यावरून ठरत नाही.

आणि काही लिम्फोमा स्वतःच सक्रिय डी तयार करतात. तिथे वरून डोस देणं म्हणजे कॅल्शियम आणखी चढवणं, आगीत तेल.

माझ्या एका पेशंटला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी होती. घरच्यांनी मायेपोटी ती रोज दिली. ते आले तेव्हा सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, बोलण्यात गोंधळ. सगळ्यांना वाटलं आजार उसळला. वाढलं होतं कॅल्शियम. सलाईन लावून ते उतरवलं, पण मूत्रपिंड सावरायला वेळ लागला.

तेव्हापासून डीसोबत कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) पाहिल्याशिवाय मी गोळी लिहीत नाही आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासतो. तुम्ही येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या, टॉनिकसकट.