फारसी ठेवली बाजूला, पोर्तुगीज धरली

परकी भाषा शिकतोय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्कोप आहे का तिला?" माझ्या पुतणीने अकरावीत जर्मन घेतली ती मार्क मिळतात म्हणून, आणि पुढे चालू ठेवली ती चाकणच्या कंपन्यांवर डोळा ठेवून. तिची मैत्रीण जपानीच्या परीक्षा देते. एन-थ्री झाली की नोकरीत वरची पायरी मिळेल, असा तिचा हिशेब. दोघींची कारणं चोख आहेत, नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही. माझं मात्र त्यात बसेना. मी वसईत एका ठेकेदाराकडे हिशेब लिहितो, पंचेचाळिशी मागे पडली, नोकरी बदलायची नाही की परदेशी स्थायिक व्हायचं नाही. स्कोप बाजूला काढल्यावर भाषा निवडायची कशाच्या जोरावर, हेच आधी कळेना.

इतिहासासाठी शिकायची एवढं नक्की होतं. रविवारी वसईच्या किल्ल्यात भटकायची जुनी सवय. तिथल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. पावसाळ्यानंतर त्यांच्यावरचं शेवाळ वाळून भुगा होतं आणि पोर्तुगीज अक्षरं वर येतात. 'सेपुल्तुरा' म्हणजे थडगं एवढं कळायचं, खाली एखादं नाव लागायचं, की गाडी तिथेच अडायची. वसईबद्दल जे काही वाचलं ते सगळं इंग्रजी पुस्तकांतून, म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं. मला मूळ कागदाकडे जायचं होतं.

इतिहासवाल्या मित्रमंडळींचं मत एकमुखी होतं: मराठ्यांचा इतिहास म्हणजे आधी फारसी. त्यात खोटं काही नाही. मोगल दरबारचे अखबार म्हणजे बातमीपत्रं, खाफीखान आणि भीमसेन सक्सेना या त्या काळच्या इतिहासकारांचे ग्रंथ, हे सगळं फारसीत. सेतुमाधवराव पगडींनी त्यातलं बरंच मराठीत आणून ठेवलं म्हणून आपण त्यावर बोलू तरी शकतो. मी फारसीची लिपी गिरवायला घेतली आणि चकित झालो, कारण भाषा वाटली होती त्यापेक्षा पुष्कळच सोपी निघाली. लिंगभेद नाही, क्रियापद आपल्यासारखं शेवटी, आणि अर्ज, जमीन, कारखाना, दरबार, हुकूम असं तहसील कचेरीतलं निम्मं सामान आधीच घरात. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे शब्द माहीत असल्याशिवाय वाचता येत नाही, एवढीच मेख.

मग मला शिकवणाऱ्या गृहस्थांनी एकदा शिकस्ता लिपीतल्या पत्राची झेरॉक्स पुढे ठेवली. शिकस्ता म्हणजे मोडलेली. नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गायब, अक्षरं एकमेकांत घुसलेली, ओळ शेवटाकडे वर चढलेली. ते म्हणाले, "छापील फारसी वर्षा-दीडवर्षात वाचाल, याला मात्र कोणाच्या तरी पायाशी वर्षानुवर्षं बसावं लागतं." मी त्याला घाबरलो नाही. पण घरी येताना लोकलमध्ये एकच गोष्ट डोक्यात घोळत होती: हे सगळं करून मी नेमकं वाचणार काय?

वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतली. मधली दोनशे वर्षं. या काळातलं गावांचं, जमिनींचं, शेतसाऱ्याचं कागदपत्र पोर्तुगीजांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलं. १७३९ नंतरचं बरंचसं मोडीत सापडेल. फारसीतून मला मिळालं असतं ते बहादूरशहाच्या बाजूचं चित्र, आणि माझा प्रश्न तर त्याहून बारका होता. आमच्या गावांवर किती सारा होता, कोण गोळा करायचा, काय पिकायचं. औरंगजेबाची दक्खनमधली पंचवीस वर्षं हा ज्याचा विषय असेल त्याने फारसीला पर्याय शोधू नये. माझा विषय तो नव्हता.

डच आणि फ्रेंचही यादीत होत्या. डच कंपनीचा कागद हेगच्या अभिलेखागारात ढिगाने आहे आणि वेंगुर्ल्यात त्यांची वखार होती. मी वेंगुर्ल्याचा असतो तर कदाचित डचच घेतली असती. फ्रेंचांमध्ये पाँडिचेरीच्या फ्रान्स्वा मार्तांची रोजनिशी वाचण्यासारखी आहे, पण एका रोजनिशीसाठी अख्खी भाषा शिकावी इतकी हौस नव्हती.

निर्णय झाला तो एका पानावर. सिमाव बोतेल्यो नावाच्या अधिकाऱ्याने १५५४ मध्ये पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या मुलखाची जमाबंदी लिहून काढली. तिला 'तोंबो' म्हणतात. १८६८ मध्ये ती लिस्बनला छापली गेली आणि आज तिचं स्कॅन इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यातला वसईचा भाग उघडला, शेजारी शब्दकोश ठेवला आणि तोवर एकाही धड्याचं तोंड न पाहता वाचायला बसलो. कोणत्याही भाषेच्या वर्गाची फी भरण्याआधी मी आता हेच सुचवतो: तुम्हाला त्या भाषेत जे वाचायचंय त्यातलं एक पान आधी घ्या आणि संध्याकाळभर त्याच्याशी झगडा. उठावंसं वाटलं तर भाषा बदला. मी उठलो नाही. साऱ्याच्या रकमा फेदेया आणि परदाव या नाण्यांत लिहिल्या होत्या आणि धान्य 'मुरास द बाते' म्हणून, म्हणजे धान्य मोजायचे आपले मुडे आणि आपलंच भात. गावांची नावं परक्या कानांनी ऐकून लिहिलेली, पण मोठ्याने वाचली की ओळख पटते. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, कोणाला हाका मारताय म्हणून.

वर्ग मिळाला तो गोव्यातून, ऑनलाइन. शिकवणाऱ्या बाई १९६१ पूर्वीच्या लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या सरकारी शाळेत शिकलेल्या, त्यामुळे पोर्तुगीज त्यांच्या तोंडी घरच्यासारखी. वर्गात कोण कोण होतं ते सांगण्यासारखं आहे, कारण एकाच भाषेची किती कारणं असू शकतात ते मला तिथे दिसलं. एक तरुण वकील होती. गोव्यात जमिनीच्या जुन्या नोंदी आणि नोटरीचे दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा काही भाग तिथे अजून लागू आहे, त्यामुळे तिचं कारण थेट पोटाशी बांधलेलं. दोघांच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, त्यांना तिकडचं नागरिकत्व घेऊन पोर्तुगालला जायचं होतं. एकजण फाडो, म्हणजे पोर्तुगालची पारंपरिक गाणी, गायचा आणि त्याला आपण काय गातो ते कळून घ्यायचं होतं. मी वसईहून सारा मोजायला आलोय म्हटल्यावर सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला तोंबोतला एक परिच्छेद पुढच्या तासाला वाचून यायला सांगितलं.

ॲपवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. डुओलिंगो शिकवतं ती पोर्तुगीज ब्राझीलची. 'रात्र' तिथे 'नोइची' होते आणि लिस्बनला 'नोइत'. वाचायचंच असेल तर फारसं बिघडत नाही, बोलायचं असेल तर आधीच ठरवून घ्या. मराठी माणसाला नाकातले स्वर जड जात नाहीत, कोकणातल्याला तर नाहीच. लिंगं दोनच, आपल्यापेक्षा एक कमी. त्रास देतात ती क्रियापदं. त्यांच्याकडे एक भविष्यकाळी संशयार्थ रूप आहे, जे रोजच्या बोलण्यातही येतं आणि कायद्याच्या भाषेत तर पावलोपावली. वकील मुलीने आणलेले जुने दस्त 'साइबां क्वांतुश' असे सुरू व्हायचे: हा लेख जे जे पाहतील त्यांना विदित व्हावे. त्यातलं 'पाहतील' म्हणजे नेमकं ते रूप. आमचा त्याच्यावर एक आख्खा तास गेला आणि तो अजिबात वाया गेला नाही.

वसईच्या ख्रिस्ती कुपारी समाजातला माझा एक मित्र आहे, आडनाव अस्सल पोर्तुगीज. तो म्हणाला, "नावं आमची, भाषा तू शिकतोस, बरं आहे." त्यानेच सुचवलं की रेवदंड्याजवळच्या कोर्लईला जा, तिथे लोक घरात पोर्तुगीज बोलतात. मी गेलो. तिथली बोली पोर्तुगीजपासून जन्मलेली आहे खरी, पण चार-पाच शतकं मराठीच्या शेजारात राहून तिची वाक्यरचना आपल्यासारखी झाली आहे. माझी पुस्तकी वाक्यं ऐकून तिथल्या म्हाताऱ्या आजी मराठीतच उत्तर देत होत्या. सरावाला उपयोग शून्य, पण सोलकढी झकास मिळाली.

आता छापील पोर्तुगीज मी शब्दकोश फारसा न उघडता वाचतो. १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेआधीची पुस्तकं असली तर 'फ'च्या जागी पी-एच आणि दुप्पट 'ल' येतात, त्याची सवय होते. हस्तलिखितांत मात्र अजून रांगतोय. 'के' हा शब्द नुसत्या एका अक्षरावर आडवी रेघ मारून लिहितात आणि तो ओळीत तीनदा येतो. आणखी एक खोडा म्हणजे नावं. साष्टी दोन, एक आपली मुंबई-ठाण्याची आणि एक गोव्याची, पोर्तुगीज कागदात दोन्ही 'साल्सेत'. अगाशीही दोन, एक वसईजवळची आणि एक गोव्यात तिसवाडीत. शेजारच्या ओळीत बार्देश आलं तर कागद गोव्याचा, ठाणं किंवा वांद्रं आलं तर आपला. काहीच आलं नाही तर पत्र कोणी, कुठून लिहिलं ते शोधत बसायचं. गेल्या आठवड्यातलं एक पत्र अजून तसंच पडलंय, बाईंना दाखवायचंय.